मोकळा सोडलेला कोपरा

आमचं गाव अकोल्याहून अमरावतीकडे जाताना मध्ये लागतं. पॅसेंजर थांबते, एक्सप्रेस थांबत नाही, एवढ्यावरून गावाची पत ओळखावी. माझ्या लहानपणी तिथं एक जिनिंग होतं, एक हायस्कूल, गुरांचा बाजार आणि एक नगरपालिका. या नगरपालिकेचा एक डोळा अकोल्यावर आणि दुसरा अमरावतीवर असे, त्यामुळे स्वतःच्या गावाकडे बघायला तिला सवड होत नसे. अमरावतीला काही नवं झालं की आमच्याकडे त्याच विषयावर सभा भरायची. ठराव भराभर मंजूर व्हायचे. ठरावातल्या वस्तू मात्र आपल्या सवडीनं यायच्या, आणि काही यायच्याच नाहीत.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. एक मेंबर कुणाच्या तरी लग्नासाठी अमरावतीला गेले आणि तिथं त्यांनी मुलांसाठी केलेली बाग पाहिली. झोके पाहिले, घसरगुंडी पाहिली. ते स्वतः एकदा घसरून आले असं लोक सांगत. खरं-खोटं मला माहीत नाही, पण माणूस तसा होता. परत आल्यावर त्यांनी सभेत विचारलं की आपल्या लेकरांनी काय पाप केलं आहे. कुणीच काही बोललं नाही, म्हणून ठराव एकमतानं मंजूर झाला. आता जागा पाहिजे. गावातल्या प्रत्येक मोकळ्या जागेवर कुणाचा ना कुणाचा डोळा होता. शोधता शोधता एकच जागा अशी निघाली की जिच्यावर कुणाचाच डोळा नव्हता, आणि ती म्हणजे नाल्याकाठचा तुकडा.

तिच्यावर डोळा नव्हता याला कारण होतं. आमच्याकडे दात येण्याआधी गेलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात, आणि गावातली तशी सगळी मुलं त्या नाल्याकाठी पुरलेली होती. कितीतरी पिढ्यांची. खूण कुणी ठेवत नसे. पुरायला पुरुष जात. आईनं जायचं नसे, आणि जागा आईला सांगायचीही नसे. सांगितली तर तिचा जीव तिथंच अडकून राहतो आणि पुढचं मूल टिकत नाही, अशी समजूत. मेंबरांना हे सगळं माहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या घरचंही कुणीतरी तिथं असणारच. पण जागा फुकट होती आणि जुन्या समजुती धरून बसलं तर गाव पुढं कसं जाणार, असं ते म्हणाले. मला या वाक्याचा आजही राग येतो, कारण त्यात चूक काय ते पटकन दाखवता येत नाही.

माझा भाऊ तिथं होता.

मी पाच-सहा वर्षांची असेन. तो चारच महिन्यांचा होता. उन्हाळ्यात त्याला ताप आला, तीन-चार दिवस राहिला, आणि एका सकाळी तो रडायचा थांबला तेव्हा आम्हाला वाटलं की आता बरं वाटतंय. वडिलांनी त्याला आपल्या धुतल्या उपरण्यात गुंडाळलं आणि हातांवर घेऊन गेले. तिरडी नाही, काही नाही. नेहमी बाजारातून काही आणताना माणूस जसं दोन्ही हातांनी सांभाळून आणतो तसं त्यांनी त्याला नेलं. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. ते परत आले, विहिरीवर अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

त्यानंतर काही दिवसांनी आईनं त्यांना विचारलं, कुठं ठेवलं. ते म्हणाले, नाल्याकडं. आईनं पुन्हा विचारलं, नाल्याकडं कुठं. त्यांनी उत्तर दिलं नाही. वडील नगरपालिकेत ओव्हरसियर होते. रस्ता किती रुंद, गटार किती खोल, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं, पण घरात त्यांना बोलतं करणं म्हणजे उन्हाळ्यात आटलेल्या विहिरीवर रहाट फिरवणं. आईनं तो प्रश्न पुन्हा मोठ्यानं विचारला नाही. पण तो आमच्या घरात राहायला आला आणि गेलाच नाही. ती भाकरी थापताना मध्येच थांबायची आणि नाल्याच्या दिशेनं बघायची. आमच्या घरातून नाला दिसत नाही. मध्ये जिनिंगची भिंत आहे. पुढं तिला मूल झालं नाही, म्हणजे जागा न सांगूनही काही फायदा झाला नाही.

तर बागेचं काम वडिलांकडे आलं. दुसरा कुणी होताच कोण. ते भर दुपारी, लोक घरात असताना, टेप घेऊन एकटेच तिकडं जात आणि तिन्हीसांजेच्या आत परत येत. कुणाला बरोबर नेत नसत. काय आखलं, कुठं काय येणार, घरात एक अक्षर नाही. आईही विचारत नव्हती, पण ते आले की त्यांच्या पायांकडे बघायची. चपलेला नाल्याची पांढरी माती लागलेली असे. ती माती ती झाडत नसे, तशीच राहू देई.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गावातल्या बायकांनी एक काम केलं, आणि ते एकमेकींना न सांगता केलं. जी ती काही ना काही निमित्त काढून घराबाहेर पडली, पदराखाली दुधाचा गडू. आई मलाही घेऊन गेली. कुंपणाच्या आत गेलो तर तिथं आधीच चार-पाच जणी इकडं-तिकडं उभ्या होत्या, एकमेकींकडे पाठ करून. प्रत्येकीनं आपल्या अंदाजानं कुठंतरी दूध ओतलं आणि बताशा ठेवला. आईला अंदाज नव्हता. ती गडू हातात धरून बराच वेळ उभी राहिली आणि मग चालत चालत सगळीकडं थोडं थोडं सांडत गेली, म्हणजे कुठं तरी पोचेल. दुसऱ्या दिवशी मेंबर फीत कापायला आले तेव्हा सगळ्या मैदानात मुंग्याच मुंग्या होत्या. भाषण चालू असताना ते सारखे पाय झटकत होते, आणि बायका पदर तोंडाला लावून खाली बघत होत्या. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला तेव्हाही कळलं नाही.

त्या दिवशी आईनं बाग नीट पाहिली. फाटकाशी झोके, त्यांच्यापुढं वर-खाली होणारी लांब फळी, मग मधोमध घसरगुंडी. सगळं इतकं जवळजवळ लावलेलं की झोक्यावरच्या पोराचे पाय फळीवरच्या पोराच्या डोक्याला लागावेत. आणि नाल्याकडचा कोपरा मात्र पूर्ण मोकळा. तिथं काहीही नव्हतं, साधा बाकसुद्धा नाही. आईनं ते पाहिलं, परत पाहिलं. घरी येताना तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. जिनिंगच्या भिंतीपाशी आल्यावर ती म्हणाली, "तुह्या बाबानं जागा सोडली."

तिचा हिशेब सरळ होता. सांगायची बंदी आहे, म्हणून नवरा सांगत नाही. पण आपल्या लेकराच्या अंगावर लोखंड रोवणारा बाप तो नाही, एवढं तिला माहीत होतं. म्हणून जिथं त्यानं काही रोवलं नाही, तिथं लेकरू. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं न बोललेलं वाचायची सवय झालेली बाई दुसरं काय करणार? मलाही ते पटलं. मला वाटलं, बाबांनी बोलायच्या ऐवजी आखून सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून आई संध्याकाळी त्या कोपऱ्यात जाऊन बसू लागली. मला खेळायला न्यायचं हे निमित्त. मी घसरगुंडीवर चढायची, वरून बघायची, तर ती तिथं जमिनीवर बसलेली, पदर नीट घेतलेला, आणि ओठ हलतायत. ती त्याच्याशी बोलायची. सुरुवातीला मी जवळ जाऊन ऐकलं. आज अंबाडीची भाजी केली. ताईला गणितात कमी मार्क पडले. ज्वारीत खडे फार निघतात. थंडी पडली तेव्हा ती त्याला म्हणाली की अंगावर नीट घे.

हे मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं: तो तिथं वाढत होता. चार महिन्यांचा राहिला नाही तो. आई त्याच्याशी आधी बाळाशी बोलतात तसं बोलायची. मग हळूहळू चालणाऱ्या पोराशी बोलतात तसं, काट्यात पाय देऊ नको, नाल्याकडं जाऊ नको. पुढं तो शाळेच्या वयाचा झाला तेव्हा तिनं त्याला मास्तरांचे स्वभाव सांगितले. माझा भाऊ त्या कोपऱ्यात माझ्यामागून मोठा होत होता आणि आईला तो दिसत होता. मला भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा जास्त, राग यायचा. माझ्याशी ती इतकं बोलत नसे.

बागेची भीती सगळ्यांनाच होती, पण भीती वाटते म्हणून झोका सोडतील ती पोरं कसली. दुपारी गरम वारा सुटला की फाटकाशी कुणी नसताना झोके हलायचे. कड्या करकरायच्या. पोट्टे म्हणत, आता खालची लेकरं खेळून राहिली. आम्ही पोरांनीच आपसात एक नियम करून टाकला होता: पहिला झोका त्यांचा. झोक्यावर बसायच्या आधी तो एकदा रिकामा ढकलायचा, पूर्ण जाऊन येऊ द्यायचा, आणि मग बसायचं. मोठ्यांनी हा नियम आम्हाला शिकवला नव्हता. घसरगुंडीलाही तो होता. वर चढल्यावर थोडं बाजूला सरकायचं, एक जण जाईल एवढा वेळ थांबायचं, मग आपण घसरायचं. एखाद्यानं घाई केली तर बाकीचे त्याला खाली ओढून आणत. आमच्याकडे बाहेरगावचा पाहुणा मुलगा आला तेव्हा तो विचारू लागला की रांगेत माझ्यापुढं कोण आहे. त्याला काय सांगणार?

फाटकावर पाटी होती की बारा वर्षांवरील मुलांना मनाई. बारा वर्षांनंतर माणसानं कुठं खेळावं याचा ठराव अजून अमरावतीला झाला नसावा. मुलींचं सोपं होतं, त्यांनी घरात खेळावं, म्हणजे भांडी घासावीत. मुलं मात्र बिचारी कुठंच मावेनात. हायस्कूलच्या मैदानाला कुलूप, बाजारात शेण आणि खुंटे. चौदा-पंधरा वर्षांचे पोट्टे हुतुतू खेळायला जागा शोधत फिरत आणि फिरून फिरून त्यांची नजर त्या मोकळ्या कोपऱ्यावर जाई. तिथं आई. ती त्यांना ओरडत नसे. ते आत आले की ती कोपऱ्याच्या मधोमध येऊन बसायची आणि उठायचीच नाही. पोरं चिडायची. त्यांनी तिला कोपऱ्यातली हडळ म्हणायला सुरुवात केली. एकानं ते माझ्यासमोर म्हटलं तेव्हा मी त्याला दगड मारला, आणि तो लागला, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

वडिलांना हे सगळं दिसत होतं. त्यांची संध्याकाळची वाट बागेवरूनच होती. सायकलवरून उतरत, कुंपणापाशी थोडा वेळ उभे राहत, आईकडे बघत, आणि निघून जात. मला वाटायचं, आपण न बोलता सांगितलेलं बायकोला कळलं, याचं त्यांना समाधान असेल.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. महाराष्ट्र झाला. मी कॉलेजसाठी अमरावतीला मावशीकडे गेले. दिवाळीच्या सुट्टीत बडनेऱ्याला गाडी बदलून घरी आले, तर गावात मोठाच विषय चालू होता. पोरांनी सह्या गोळा करून नगरपालिकेला अर्ज दिला होता. अमरावतीला आखाडे आहेत, अकोल्याला आहेत, आम्हालाच काहून नाही. हे वाक्य नगरपालिकेला टाळता येणं शक्यच नव्हतं. त्यात निवडणूक जवळ आलेली. कुस्तीचा हौद मंजूर झाला, म्हणजे चांगला कमरेएवढा खड्डा खणायचा आणि त्यात लाल माती भरायची. जागा अर्थात मोकळ्या कोपऱ्याची.

मजूर आले त्या दिवशी आई आधीच जाऊन बसली होती. या वेळी ती एकटी नव्हती. ज्यांनी पूर्वी एकमेकींकडे पाठ करून दूध ओतलं होतं त्यातल्या काही जणी तिच्या बाजूला येऊन बसल्या. मेंबरांना बोलावणं गेलं. ते आले, हसले, समजावलं. आई एवढंच म्हणाली की इथं माझं लेकरू आहे. ते पुन्हा समजावू लागले तर तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. निवडणुकीच्या तोंडावर बायकांना उचलून बाजूला करणं बरं दिसलं नसतं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. घसरगुंडी गंजली होती, मागच्याच महिन्यात एका मुलाची मांडी तिच्या पत्र्यानं कापली होती. मेंबर म्हणाले की मग ती काढून टाकू आणि हौद तिथं करू. पोरं खूश, बायका खूश, मेंबर तर सगळ्यांत खूश. उद्या सकाळी ओव्हरसियरनं आखणीला चुन्याची फक्की टाकायची आणि काम सुरू, असं ठरलं.

आई घरी आली ती वेगळीच बाई होऊन आली. तिनं पुरण घातलं. काम करता करता ती गुणगुणत होती, आणि मी तिला तोपर्यंत कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. वडील संध्याकाळी आले, पाटावर बसले, पोळीचा एक तुकडा मोडला आणि तो हातात तसाच धरून बसले. आई म्हणाली की तब्येत ठीक नाही का. ते उठून गेले.

सकाळी ते कामावर गेले नाहीत. कपडे घालून, फक्कीची पिशवी आणि टेप पायाशी ठेवून घरापुढच्या सपरीत बसून राहिले. जिनिंगचा भोंगा होऊन गेला. आई बाहेर आली आणि म्हणाली, "काहून नाई जाऊन राहिले? तिथं मजूर वाट पाहत असतीन."

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "कोपऱ्यात नाई तो."

आईला कळलं नाही. मला कळलं, आणि मला वाटलं की त्यांनी आता पुढचं बोलू नये.

"घसरगुंडीखाली हाय," ते म्हणाले. "मीच लावली तिथं."

मग ते बोलत राहिले, इतकं मी त्यांना एका दमात बोलताना ऐकलं नव्हतं. कोपरा त्यांनी सोडलेलाच नव्हता. तिथं गोल फिरणारा पाळणा यायचा होता, तो अकोल्याहून येणार होता, आणि ठरावातल्या इतर वस्तूंसारखा तो आलाच नाही. घसरगुंडी मात्र त्यांनी मुद्दाम त्या जागेवर घेतली होती. टेपनं मोजून. आईनं विचारलं की काहून. ते म्हणाले, "लेकराईचा आवाज आला का रडाचा थांबे तो."

हे खरं होतं का? मला आठवत नाही. आईला आठवलं असावं, कारण ती खाली बसली. मग तिनं विचारलं की इतकी वर्षं तुम्ही मला तिथं बसलेली पाहत होता. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तुले बरं वाटे तिथं. मंग काय सांगू?"

मी त्यांना पुष्कळ बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यांच्याविषयी मला त्या सकाळी जो राग आला तो आज ते नसतानाही पुरता गेलेला नाही, आणि त्यांच्याविषयी जी माया वाटली तीही गेलेली नाही. पत्र्याची घसरगुंडी मुलाच्या अंगावर उभी करणारा बाप. रोज सायकलवरून उतरून थांबणारा. तो आईला बघायला थांबत नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

आई उठली आणि चला म्हणाली. आम्ही तिघं गेलो. मजूर घमेली उलटी घालून त्यांवर बसले होते, अर्ज करणारे पोट्टे कुंपणावर चढून बसले होते. घसरगुंडी आज निघणार म्हणून लहान मुलांनी तिच्यावर झुंबड उडवली होती. आई तिच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. पोरं घसरत येत होती आणि तिला बघून बाजूला होत होती. तिनं वडिलांना विचारलं, "डोकं कोन्या अंगाले हाय?"

वडिलांनी हात करून दाखवलं. ती त्या बाजूला गेली आणि उभी राहिली. तिथं ती रडली नाही. मला वाटलं होतं की रडेल. ती काहीतरी बोलायला गेली, तोंड उघडलं, आणि तिला काय बोलावं ते सुचेना. त्या जागेशी तिची ओळखच नव्हती. जरा वेळानं ती वडिलांना म्हणाली की हे राहू द्या, कोपरा देऊन टाका पोरांना.

हौद मुळात कोपऱ्यातच मंजूर होता, आणि जिनं अडवलं तीच सोडते म्हटल्यावर मेंबरांची हरकत असायचं कारण नव्हतं. टेपचं एक टोक धरायला माणूस लागतो. मजुरांपैकी एक जण उठत होता, पण आईनं ते टोक घेतलं. ती कोपऱ्यात, जिथं इतकी वर्षं बसायची तिथं, उकिडवी बसली आणि टेपची कडी अंगठ्यानं जमिनीला दाबून धरली. वडील मागं मागं सरकत गेले. मग त्यांनी फक्की सोडली. चारी बाजूंनी पांढरी रेघ झाली तेव्हा आई रेघेच्या बाहेर आली आणि घसरगुंडीच्या सावलीत जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून.

खणायला सुरुवात झाली. कुंपणावरचे पोट्टे खाली उतरून मजुरांना हातभार लावू लागले, त्यांना धीर धरवत नव्हता. वरचा थर निघाला, पांढरी माती निघाली, गुडघ्याइतकं झालं. मग एका टिकावाचा आवाज बदलला. मजुरानं हातानं माती सारली. खाली चपटे दगड होते, एकाशेजारी एक नीट बसवलेले, हातभर लांबीचे सगळे मिळून. तान्ह्या मुलाला पुरलं की वर असे दगड रचतात, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. खणणाऱ्यांना ते सांगावं लागलं नाही. टिकाव खाली ठेवले गेले. पोट्टे मागं सरकले.

सगळ्यांनी वडिलांकडे पाहिलं. वडील कडेला येऊन खाली बघत राहिले. मग हळूच म्हणाले की हा आपला नाही. कुणाचा आहे ते मला माहीत नाही, म्हणाले. खूप जुना असेल. कुणी माणूस उरलाही नसेल त्याचा. एक मजूर म्हणाला की मग काढून नाल्यापलीकडं ठेवू या का, नीट ठेवू.

आई कधी उठून आली ते मला कळलं नाही. ती खड्ड्यात उतरली. दगडांपाशी बसली, आणि रोज जशी बसायची तसाच पदर नीट घेतला. आता मात्र ती रडत होती. एका दगडावरची माती तिनं हातानं पुसली.

"याले कोनी हात लावू नका," ती म्हणाली. "कोनाचा हाय थे मले ठाऊक नाई. पन हा माह्या ओळखीचा हाय."

वडिलांनी पायानं फक्कीची रेघ पुसायला सुरुवात केली.